एक संस्था करण्याआधी धडगावची गाडी एकदा पकडा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत गाइड चळवळीचे निर्णय घेणारे सर्व पदाधिकारी,
आणि माझ्या सर्व कॅप्टन भगिनी

विषय: तिन्ही जिल्हा संस्था मिळून खान्देशची एकच संस्था करावी, या सूचनेबाबत

सप्रेम नमस्कार.

ही सूचना अजून कागदावर आलेली नाही, हे मला माहीत आहे. पण शिबिरात शेकोटी विझल्यावर, तपासणी संपून चहा घेताना, एसटीच्या बाकावर शेजारी बसलेल्या मॅडमकडून, अशी ती मी वर्षभरात इतक्यांदा ऐकली की आता गप्प राहवत नाही. "तिघांची मिळून एकच करून टाकू. खर्च वाचेल, माणसं कमी लागतील, काम मोठं दिसेल." बोलणारे सगळे आपलेच आहेत, चळवळीवर जीव असलेले आहेत. म्हणूनच ठराव यायच्या आत लिहिते. एकदा ठराव मांडला गेला की माणसं दोन बाजूंना बसतात, आणि मग मोकळं बोलणं अवघड होतं.

मी शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. गाइड कॅप्टन, म्हणजे शाळेतल्या मुलींच्या गाइड गटाची प्रमुख, म्हणून मला 24 वर्षं झाली. त्याआधी स्वतः गाइड होते, त्याआधी बुलबुल, म्हणजे लहान मुलींच्या गटात. स्कार्फची घडी कशी घालायची हे मला माझ्या बाईंनी शिकवलं, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही चौघी-पाचजणी आज खान्देशात कंपन्या, म्हणजे गाइडचे गट, चालवतो.

एकत्र येण्याच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं बरंचसं खरं आहे. तंबू फाटलेले असतात. एकाच माणसाकडे दोन-दोन ठिकाणांचं काम येतं आणि ते माणूस दोन्हीकडे अपुरं पडतं. तृतीय सोपानाच्या, म्हणजे गाइडच्या तिसऱ्या टप्प्याच्या, शिबिराला कधी 30 मुली जमतात, आणि तेवढ्यांसाठी मंडप, आचारी, पाण्याचा टँकर, तपासनीस यांचा खर्च जवळपास 100 मुलींइतकाच होतो. प्रथमोपचार नीट शिकवणारी प्रशिक्षिका एका जिल्ह्यात असते, दुसऱ्यात नसते. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही तिन्ही संस्था एक करू नयेत असं मला वाटतं, आणि ते का, हे सांगायला मला चाळीसेक वर्षं मागे जावं लागेल.

1984 साल असेल. मी चौदा वर्षांची होते आणि तळोदा तालुक्यातल्या आमच्या गावातून शाळेला चालत जायचे. तेव्हा आमचा जिल्हा धुळे. पुढच्या बॅजची तपासणी धुळ्याला होती, तीन दिवसांची. माझी सगळी तयारी झाली होती. गाठी मी अंधारात मारून दाखवत असे. स्कार्फ आईने धुऊन उशीखाली घालून ठेवला होता, म्हणजे इस्त्री केल्यासारखा दिसेल. आदल्या रात्री वडील शेतातून आले, पाय धुतले आणि त्यांनी एकच विचारलं, "पोरी, तुनासंगे कोन शे?"

सोबत कुणीच नव्हतं. बाईंच्या घरी त्याच आठवड्यात बाळंतपण होतं. गावापासून धुळे शंभराहून अधिक किलोमीटर, मध्ये गाडी बदलायची, पोचेपर्यंत दुपार कलणार, आणि रात्री कुठल्या तरी शाळेच्या वर्गात मुक्काम. वडील मुळीच कडक नव्हते. त्यांनी मला जायला बंदी केली नाही, रागावलेही नाहीत. फक्त विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती तपासणी माझी राहिली ती राहिलीच. माझ्याबरोबरच्या दोघी धुळे शहरातल्या होत्या, गाठींमध्ये माझ्याहून कच्च्या. त्या पास झाल्या. त्यांचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांच्या घरापासून शिबिराचं मैदान पायी दहा मिनिटांवर होतं, एवढंच.

पुढे 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचं ठिकाण जवळ आल्यावर हळूहळू आपलं कामही जवळ आलं. मी कॅप्टन झाले तेव्हा माझ्या मुलींची तपासणी कधी नंदुरबारला, कधी शहाद्यालाच व्हायची. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल इतकं अंतर. त्या काळात माझ्या कंपनीतून किती मुली वर गेल्या याची वही माझ्याकडे आहे. कुणालाही दाखवीन. ज्या घरांतून पूर्वी "कोन शे?" हा प्रश्न आला असता, त्याच घरांतल्या त्या मुली आहेत.

इतिहासाच्या सरांना हे ठाऊकच आहे की खान्देश हा एकेकाळी एकच जिल्हा होता आणि 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे आणि नंदुरबार. एक जिल्हा पुरेना म्हणून दोन झाले, दोन पुरेनात म्हणून तीन. प्रत्येक वेळी कारण तेच होतं, लांबच्या माणसाला कचेरी गाठता येत नव्हती. आज आपण मुलींच्या बाबतीत उलट्या दिशेने निघालो आहोत. जळगावचे 15, धुळ्याचे 4, नंदुरबारचे 6, असे 25 तालुके एका कार्यालयाखाली येतील. 2011 च्या जनगणनेत या तिन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या 79 लाखांच्या पुढे होती. एवढ्यांच्या लेकीबाळींसाठी एक कार्यालय, आणि ते कुठे असेल हे मी सांगायला नको. जिथे रेल्वेचं मोठं स्थानक आहे, हॉल आहेत, राहायच्या सोयी आहेत, तिथेच ते जाणार. तेही साहजिक आहे.

आता धडगावची मुलगी डोळ्यांसमोर आणा. जळगावहून निघालात तर चोपडा, शिरपूर, शहादा आणि मग सातपुड्याचा घाट. दोनशे किलोमीटरच्या पुढे. तिचा पाडा धडगावच्याही पुढे असतो, जिथे एखादीच गाडी मुक्कामी येते आणि सकाळी परत फिरते. मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास आहे, तो फार मोठा आधार आहे. पण तो घर ते शाळा एवढाच चालतो. शिबिराला जायचं तर तिकीट काढावं लागतं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून भार हलका झाला, हे मी मान्य करते. तरी अर्धं तिकीट म्हणजे दोन वेळचं येणं-जाणं, त्यात सोबत येणाऱ्या आईची बुडालेली मजुरी. तीन दिवसांची मजुरी म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे.

आणि तिला शिबिराची ओढ नसते असं कुणी म्हणू नये. माझ्या कंपनीत काही वर्षांपूर्वी एका पावरा आदिवासी घरातली मुलगी होती. नातेवाइकांकडे राहून आमच्या शाळेत शिकत होती. वर्गात तोंड उघडत नसे. पहिल्या शिबिरात पाऊस पडला, लाकडं ओली झाली आणि शहरातल्या मुली काडेपेटीमागून काडेपेटी संपवत बसल्या. ही उठली, ओल्या लाकडाची साल सोलली, आतला कोरडा भाग काढला, बारीक केला, आणि एका काडीत चूल पेटवली. त्या रात्री तिच्या पेट्रोलने, म्हणजे कंपनीतल्या तिच्या छोट्या गटाने, तिला पुढारी केलं. कुणी सुचवलं नव्हतं. सहा-आठ मुलींचं पेट्रोल असतं ते यासाठीच. इतक्या लहान गटात कुणाच्या हातात काय आहे ते लपत नाही.

हीच मुलगी पुढच्या तपासणीला अडखळली असती. तपासनीस बाई लांबून आल्या होत्या, चांगल्या होत्या, पण त्यांनी प्रश्न विचारला घरातल्या गॅस सिलिंडरच्या सुरक्षिततेचा. हिच्या घरी चूल. हिला उत्तर येईना. आमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या बाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हिला विचारा, पाड्यावर आग लागली तर काय करशील." मग ती बोलायला लागली आणि थांबेना. गवताच्या छपरावर आधी काय टाकायचं, गुरं कुठल्या बाजूने सोडायची, म्हातारी माणसं कशी बाहेर काढायची. अर्धं मराठीत, अर्धं तिच्या बोलीत. त्या शेजारच्या बाई नसत्या तर ती नापास झाली असती, आणि तिच्या आगीच्या ज्ञानाला आपल्या वहीत शून्य लिहिलं गेलं असतं.

खान्देश म्हणजे अहिराणी, असं बाहेरचे लोक समजतात. आपल्याला ठाऊक आहे की यावल-रावेरकडे लेवा बोली आहे, शहाद्याच्या बऱ्याच घरांत गुजरी बोलतात, नवापूरकडे मावची, सातपुड्यात भिली आणि पावरी. नंदुरबार जिल्ह्यात 2011 ला सुमारे 69 टक्के लोक आदिवासी समाजातले होते. तपासणी घेणाऱ्याला त्या मुलीचं बोलणं कळलं पाहिजे ही काही फार मोठी मागणी नाही. मोठ्या संस्थेत तपासनीसांची एकच यादी होईल आणि ज्यांची जिथे नेमणूक होईल तिथे ते जातील. नेमणुकीच्या तक्त्यात बोलीचा रकाना नसतो.

तारखांचंही असंच आहे, आणि याकडे माझ्या जळगावच्या मैत्रिणींनी विशेष लक्ष द्यावं असं वाटतं. सातपुड्यात दिवाळीनंतर कित्येक घरं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, मुलींना घेऊन. ती होळीच्या सुमाराला परततात, कारण होळी हा तिकडचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत आश्रमशाळेत मुलगी थांबत नाही, आणि थांबवूही नये. इकडे कापसाच्या पट्ट्यात वेचणीच्या दिवसांत शाळेचे बाक रिकामे होतात. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा घरातल्या लेकीला नैवेद्याच्या रोटांच्या कामातून सोडणार नाहीत. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा लागली की आमच्या भागातली अर्धी शाळा तिकडे. जळगावच्या कॅप्टनला जळगावचं वर्ष तोंडपाठ असतं, आम्हाला आमचं. एका खोलीत बसून 25 तालुक्यांची एकच शिबिरपत्रिका केली तर ती कुणाच्या तरी होळीवर किंवा कुणाच्या तरी वेचणीवर पडणारच. आणि पडेल ती बहुधा ज्यांचा माणूस त्या खोलीत नव्हता त्यांच्यावर.

त्या खोलीत कोण बसेल, हा माझ्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

आपण मुलींच्या अंतराबद्दल बोलतो, पण कॅप्टनही बाईच असते. रविवारी सकाळी 11 ची बैठक जळगावला ठेवली तर अक्कलकुव्याच्या कॅप्टनला शनिवारीच निघावं लागेल. घरात सासू-सासरे, दहावीतलं पोर, दुसऱ्या दिवशीचा डबा. पोचल्यावर मुक्काम कुठे? पुरुष शिक्षक मित्राच्या खोलीवर, लॉजवर, फार तर स्थानकावर रात्र काढतो. बाईला हे तिन्ही पर्याय नसतात. मी एकदा बैठक लांबल्यामुळे शेवटची गाडी चुकवली आहे. ओळखीच्या एका शिक्षिकेच्या घरी रात्री साडेनऊला दार वाजवताना मला जे वाटलं, ते मी इथे लिहीत नाही, पण माझ्या भगिनींना न लिहिताही कळेल. दोन-तीन बैठका अशा झाल्या की ती कॅप्टन यायची थांबते. इतिवृत्तात "अनुपस्थित" एवढंच येतं. मग समितीत उरतात शहरातल्या बायका आणि सगळ्या तालुक्यांतले पुरुष. मुलींच्या चळवळीचा निर्णय अशा खोलीत व्हावा असं तुमच्यापैकी कुणालाच वाटत नसणार.

"ऑनलाइन घेऊ बैठका," असं एक सर म्हणाले. घ्या की. पण धडगावकडच्या माझ्या एका मैत्रिणीला रेंजसाठी शाळेमागची टेकडी चढावी लागते. आणि बैठक ऑनलाइन होईल, बोलाइन गाठ ऑनलाइन कशी तपासणार? ती मुलीच्या हातात बघावी लागते, दोर ओढून.

मोठ्या देशांत हा प्रयोग होऊन गेला आहे, तोही जरा पाहू. अमेरिकेतली मुलींची स्काउट संघटना 12 मार्च 1912 ला सव्हाना गावात ज्युलिएट गॉर्डन लो यांनी 18 मुली जमवून सुरू केली. वाढत वाढत तिच्या देशभरात 300 हून जास्त प्रादेशिक परिषदा झाल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात संघटनेने त्या एकमेकींत मिळवल्या आणि सुमारे 110 वर आणल्या. कारणं अगदी आपल्यासारखीच होती. लहान परिषदांना पगारी माणसं परवडत नाहीत, निधी गोळा होत नाही, सदस्यसंख्या घटते आहे. एकत्र आल्यावर कार्यालयं मोठी झाली. पण अनेक नव्या परिषदांना वारशाने आलेली शिबिरस्थळं सांभाळणं जड गेलं आणि त्यांनी ती बंद करायला, विकायला काढली. ज्या तळ्याकाठी आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांनी तंबू ठोकले होते, त्या जागा वाचवायला ओहायोमध्ये स्वयंसेविका कोर्टापर्यंत गेल्या. सदस्यसंख्येची घट तर थांबली नाहीच. तिला इतरही कारणं आहेत, सगळा दोष एकत्रीकरणावर टाकणं बरोबर नाही. पण ज्या दुखण्यासाठी औषध घेतलं ते दुखणं राहिलं, हे खरं.

विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी मॅनिटोवॉक नावाची एक लहान परिषद होती. तिने मिळून जायला नकार दिला. मुख्य संघटना तिचं क्षेत्र दुसरीकडे जोडायला निघाली तेव्हा ती न्यायालयात गेली, आणि 2011 मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा आधार होता त्या राज्याचा विक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा, कारण त्या मुली बिस्किटं विकून निधी उभारतात. मला हे वाचून आनंद झाला नाही. मुलींच्या चळवळीतल्या दोन संस्था एकमेकींसमोर वकील घेऊन उभ्या राहाव्यात, आणि लहान परिषद वाचावी ती दुकानदारांच्या कायद्याने! आपल्याकडे गोष्ट तिथपर्यंत जाणार नाही याची मला खात्री आहे. आपण एका ताटात भरीत-भाकरी खाल्लेली माणसं आहोत. पण तिथे आधी ऐकून घेतलं गेलं असतं तर पुढचं टळलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

कुणी म्हणेल, एकत्र येण्यातूनच तर आपली संघटना झाली. बरोबर आहे. 7 नोव्हेंबर 1950 ला देशातल्या स्काउट संघटना एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स स्थापन झाली, आणि 15 ऑगस्ट 1951 ला गर्ल गाइड्सची संघटना तिच्यात आली. त्या एकत्र येण्याबद्दल मला आदरच आहे. पण तेव्हाच्या बायकांनी काय राखलं ते पाहा. गाइड विभाग वेगळा राहिला, त्याच्या आयुक्त वेगळ्या राहिल्या. मुलींच्या कामाचा निर्णय मुलींमध्ये काम करणाऱ्या बाईकडे राहिला. म्हणून ते टिकलं. याच संघटनेत रेल्वे, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं यांना राज्यासारखा वेगळा दर्जा आहे, कारण तिथल्या मुलांचं जगणं वेगळं, बदल्या वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या मुलीचं जगणं वेगळं आहे हे आपण मान्य करतो, तर तोरणमाळच्या पायथ्याच्या मुलीचंही करू या.

दुसरे एक सर विद्यापीठाचं उदाहरण देतात. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला विद्यापीठ झालं, आज ते बहिणाबाईंच्या नावाने आहे आणि तिन्ही जिल्ह्यांचं मिळून एकच आहे. ते चालतं ना? चालतं. पण दोन गोष्टी त्यात विसरल्या जातात. ते झालं तेच मुळात पुणे लांब पडतं म्हणून. आणि धडगावची मुलगी बी.ए.ची परीक्षा द्यायला जळगावला जात नाही, तिच्या जवळच्या महाविद्यालयात केंद्र असतं. मला नेमकं तेच हवं आहे.

परवा एका ताईंनी फार प्रेमाने म्हटलं, "अहो, हा संगम आहे, त्याला विलीनीकरण का म्हणता?" पुण्याचं आपलं जागतिक केंद्र संगम, 1966 साली सुरू झालेलं, मी पाहिलं आहे. जगभरच्या मुली तिथे येतात, राहतात, आणि आपापल्या देशाची गाइड म्हणूनच परत जातात. तो संगम मला मान्य आहे. आपल्या नद्यांचा संगम मात्र वेगळा. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, प्रकाशाला गोमाई मिळते. दोन्ही ठिकाणं पवित्र, आपण हात जोडतो. पण पुढे वाहते ती फक्त तापी. पूर्णेचं आणि गोमाईचं नाव तिथेच संपतं. मी गोमाईच्या काठची आहे, म्हणून मला हे आधी दिसतं.

मग काय करावं? नुसतं नाही म्हणून मी थांबणार नाही, कारण फाटके तंबू मीही शिवले आहेत.

सामान एक करा. तिन्ही जिल्ह्यांचे तंबू, दोर, होकायंत्रं, प्रथमोपचाराच्या पेट्या यांची एक यादी होऊ द्या, सामान तीन ठिकाणी राहू द्या, आणि ज्याचं शिबिर असेल त्याला ते मिळू द्या. प्रशिक्षिका एकमेकींना द्या. त्यांना प्रवासखर्च आणि बाईमाणसाला राहता येईल अशी जागा, एवढं आधी ठरवा. हिशोब ठेवणारा एक जाणकार माणूस तिघांनी मिळून नेमला तर मला आनंदच आहे, आमच्या कितीतरी कॅप्टन पावत्यांच्या कामाने थकून गेल्या आहेत. वर्षातून एक मेळावा सगळ्या खान्देशचा होऊ द्या, आणि तो फिरता असू द्या. एकदा तोरणमाळला, एकदा रावेरकडे पालला, एकदा चाळीसगावच्या पाटणादेवीला, एकदा लळिंगच्या किल्ल्याखाली. यावलच्या मुलीने सातपुडा आमच्या बाजूने पाहावा, आमच्या मुलींनी केळीच्या बागा पाहाव्यात. त्यासाठी मुली लांब जायला तयार होतील. वर्षातून एकदा जायचं असेल तर सोबत जुळवता येते, पैसे साठवता येतात, घरच्यांना आधीपासून सांगता येतं.

मुलीची नोंदणी, तिची तपासणी आणि तिच्या प्रमाणपत्रावरची सही मात्र लांब नेऊ नका. खऱ्या कमाईचे पैसे मुलींनी ज्या तालुक्यात मिळवले त्याच तालुक्यात राहू द्या. राखी विकून, शेव-भाजीचा स्टॉल लावून जमवलेले ते पैसे असतात, आणि त्यातून काय घ्यायचं हे मुली स्वतः ठरवतात. माझ्या मुलींनी मागच्या वेळी त्यातून पाण्याची टाकी घेतली आणि शाळेला दिली. तीच रक्कम मोठ्या खात्यात जमा झाली असती तर ती त्यांच्या लेखी नाहीशी झाली असती. आणि समितीत प्रत्येक तालुक्याची एक कॅप्टन हवी. लांबच्या तालुक्यात बैठक घ्यायची पाळी आली तर शहरातल्यांनी तिकडे जावं, हेही लिहून ठेवा.

1909 साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांचा स्काउट मेळावा भरला तेव्हा काही मुली न बोलावता तिथे जाऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही घ्या म्हणून. त्यातून पुढच्या वर्षी गाइड चळवळ झाली, आणि 1911 मध्ये जबलपूरला भारतातली पहिली कंपनी. ही गोष्ट आपण दरवर्षी मुलींना सांगतो. सांगताना माझ्या मनात नेहमी येतं, त्या मुलींना तिथे पोचता आलं. आमच्या पाड्यांवरही अशा मुली आहेत. न बोलावता येऊन उभ्या राहतील अशा. फक्त त्यांना चालत किंवा सकाळच्या गाडीने गाठता येईल एवढ्या अंतरावर आपण असलं पाहिजे.

म्हणून माझी एक विनंती आहे. ठरावाचा मसुदा करण्याआधी तुमच्यापैकी दोघा-तिघांनी एकदा या. 22 फेब्रुवारीचा गाइड चळवळीचा चिंतन दिवस जवळच्या एखाद्या आश्रमशाळेत करू. स्वतःच्या किंवा संस्थेच्या गाडीने येऊ नका. जळगावहून, धुळ्याहून एसटीने निघा, शहाद्याला उतरा, तिथून धडगावची गाडी पकडा. शहाद्याच्या स्थानकावर मी उभी असेन, गळ्यात स्कार्फ असेल, ओळखाल. कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत मी बांधून आणते. पोचायला उशीर झाला आणि परतीची गाडी चुकली, तर मुलींबरोबर तिथेच राहायची तयारी ठेवा. अंथरूण सोबत असू द्या, फेब्रुवारीत तिकडे रात्री थंडी असते.

आपली,
शहादा तालुक्यातील एक गाइड कॅप्टन